आत काय आहे, हे तळाशी कळत नाही

सी अर्चिन हे काटेरी समुद्री प्राणी काढण्यासाठी समुद्रात उतरणाऱ्या डायव्हरांचा विषय निघाला की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न शार्कविषयी असतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी पुढे देणारच आहे. परंतु कॅलिफोर्नियात राहायला आल्यापासून या धंद्याविषयी जे वाचले, आणि बंदरावर उभे राहून जे पाहिले व विचारून घेतले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की या माणसांच्या जिवावर बेतणाऱ्या बहुतेक गोष्टींचे मूळ भावात आहे. डायव्हरला पैसे मिळतात ते अर्चिनच्या कवचाआड दडलेल्या ऐवजाचे, आणि तो ऐवज भरलेला आहे की नाही हे कवच फोडल्याशिवाय कळत नाही. किती खोल जायचे, किती वेळ खाली राहायचे, कोणत्या वाऱ्यात बोट काढायची, हे सारे निर्णय या एका अनिश्चिततेपाशी येऊन थांबतात.

सी अर्चिन हा तारामाशाचा नातेवाईक. मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कपारींत काळपट काटेरी गोळे दिसतात ते याच वर्गातले, पण आपल्याकडच्या मासळीबाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा लाल अर्चिन आकाराने बराच मोठा असतो. त्याचे कवच जवळजवळ वीतभर रुंद होऊ शकते आणि आयुष्य तर थक्क करणारे आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे समुद्रात मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणा कवचात शोधून शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवून दिले की यांतले काही शंभराहून अधिक वर्षे जगतात. कवचाच्या आत पाच फाकी असतात, पिवळ्या किंवा केशरी. व्यवहारात त्यांना अंडी म्हणतात, प्रत्यक्षात त्या नर आणि मादी दोघांतही असणाऱ्या जननग्रंथी होत. जपानी लोक त्यांना ‘उनी’ म्हणतात, आणि जगभर निघणाऱ्या अर्चिनपैकी फार मोठा वाटा त्यांच्याच ताटात जातो.

गंमत अशी की, ज्या प्राण्यासाठी आज माणसे जीव धोक्यात घालतात, तोच प्राणी पन्नास-साठ वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर उपद्रवी कीड समजला जात होता. अर्चिन केल्प नावाच्या प्रचंड समुद्री वनस्पतीची मुळाशी असलेली पकड कुरतडतात, आणि केल्पचे जंगल वाचावे म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियात त्यांच्यावर चक्क चुनकळी पसरली जात असे, हातोड्यांनी त्यांची कवचे फोडली जात असत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी बाजाराकडे लक्ष गेले आणि चित्र पालटले. पाण्यात उतरले ते मुख्यतः ॲबलोनी नावाची मोठी समुद्री गोगलगाय काढणारे डायव्हर. त्यांच्याकडे बोटी होत्या, कंप्रेसर होते आणि तळाची माहितीही होती. १९८५ नंतर येन वधारला, टोकियोचे व्यापारी विमानाने येणाऱ्या मालाला हवा तो भाव देऊ लागले आणि उत्तरेकडे फोर्ट ब्रॅग, अल्बिअन, पॉइंट अरीना या छोट्या बंदरांत एखाद्या खाणगावासारखी गर्दी उसळली. १९८८ मध्ये राज्यात सुमारे ५ कोटी २० लाख पौंड, म्हणजे साडेतेवीस हजार टनांच्या आसपास अर्चिन काढले गेले. हा उच्चांक पुन्हा कधी गाठता आला नाही. दरम्यान १९८७ मध्येच नवे परवाने देणे थांबवले गेले होते, आणि पुढे किमान आकाराची अटही आली: दक्षिणेत सव्वातीन इंच, उत्तरेत साडेतीन.

काम कसे चालते ते नीट समजून घेतल्याशिवाय धोका समजत नाही. सांता बार्बराहून निघणारी बोट सहसा लहान असते. तिच्यावर एक किंवा दोन डायव्हर आणि एक मदतनीस, ज्याला इथे टेंडर म्हणतात. पहाटे, बऱ्याचदा अंधारातच निघून, मालवाहू जहाजांचा मार्ग ओलांडून ती चॅनल बेटांकडे जाते. सांता क्रूझ, सांता रोझा आणि सर्वांत पश्चिमेला, उघड्या समुद्राच्या तोंडाशी असलेले सान मिगेल. डायव्हरच्या पाठीवर मोठी टाकी नसते. बोटीवरचा कंप्रेसर हवा दाबून शंभर मीटर किंवा त्याहून लांब अशा तरंगत्या रबरी नळीतून खाली पाठवतो आणि डायव्हर ती तोंडातल्या रेग्युलेटरमधून घेतो. या पद्धतीला हुका म्हणतात. टाकी संपण्याची चिंता नसल्यामुळे माणूस तळाशी तासन्‌तास काम करू शकतो, आणि या सोयीतच मोठा धोका दडलेला आहे, याकडे मी नंतर वळेन.

तळाशी त्याच्या एका हातात लहानसे दंताळे असते आणि दुसऱ्या हाताने तो जाळीची भलीमोठी पिशवी ओढत नेतो. दंताळ्याने अर्चिन खडकावरून उपटायचा, आकार नजरेने मोजायचा, पिशवीत टाकायचा आणि पुढे सरकायचे. भरलेल्या पिशवीचे वजन काहीशे पौंड होते. ती वर घेण्यासाठी बोटीवर यारी असते. पाणी थंड असते. उत्तरेत वसंतात तळाचे पाणी वर येते तेव्हा ते दहा अंशांपर्यंत किंवा त्याखालीही उतरते, त्यामुळे जाड वेटसूट घालूनही बोटे बधिर होतात. उथळ पाण्यात लाटेची ओढ माणसाला दोन-तीन मीटर पुढे नेते आणि तितकेच मागे खेचते. अनुभवी डायव्हर तिच्याशी झगडत नाही, ती पुढे नेते तेव्हा काम करतो आणि मागे ओढते तेव्हा खडक धरून थांबतो. वर टेंडर नळी गुंतू देत नाही, कंप्रेसरच्या आवाजाकडे कान ठेवतो, वारा फिरतो आहे का ते पाहतो. डायव्हरच्या नावाने धंदा चालत असला तरी त्याचा श्वास टेंडरच्या सावधपणावर अवलंबून असतो, आणि या माणसाविषयी फारसे कुणी लिहीत नाही याचे मला नेहमी नवल वाटते.

आता त्या ऐवजाकडे येऊ. अर्चिन भरलेला असतो तो केल्प पोटभर खाल्ला तरच. केल्पच्या जंगलाच्या कडेला राहणारे अर्चिन गलेलठ्ठ असतात, आणि तिथून काही हातांवर, उघड्या खडकावर राहणारे बाहेरून तसेच दिसले तरी आतून जवळजवळ पोकळ असू शकतात. म्हणून डायव्हर तळाशी पोहोचल्यावर आधी दोन-चार अर्चिन फोडून पाहतो. रंग पिवळाधमक आहे का, फाकी घट्ट आहेत का, की तपकिरी आणि पाणचट आहेत, यावरून त्या जागेची किंमत ठरते. (फोडलेल्या अर्चिनवर ताव मारायला शीपहेड नावाचे मासे लगेच गोळा होतात, डायव्हरच्या मागे मागे फिरण्यात त्यांचा चांगलाच फायदा असतो.) परंतु दोन-चार नमुन्यांवरून शेकडो अर्चिनचा अंदाज बांधायचा हा प्रकार शेवटी अंदाजच. खरा निकाल प्रक्रिया केंद्रात लागतो, जिथे अर्चिन फोडून फाकी चमच्याने अलगद काढल्या जातात, मिठाच्या पाण्यात धुतल्या जातात, आकार टिकावा म्हणून तुरटीच्या पाण्यात ठेवल्या जातात आणि रंगानुसार, घट्टपणानुसार लहान लाकडी तबकांत रचल्या जातात. तुरटी जास्त झाली तर चव कडवट होते. एकूण वजनाचा अगदी लहान भाग खाण्याजोगा निघतो, आणि तो किती व कोणत्या प्रतीचा निघाला यावर डायव्हरच्या मालाला पौंडामागे काय दर मिळणार हे अवलंबून असते.

ज्या जागा जवळ, उथळ आणि सुरक्षित होत्या, तिथला चांगला माल गेल्या चार-पाच दशकांत बराचसा उचलला गेला. उरला तो खोल पाण्यातला, लांबच्या बेटांवरचा किंवा लाटांच्या माऱ्याखालचा. शिवाय जपानात वर्षाअखेरीच्या सणासुदीला उनीची मागणी वाढते, म्हणजे भाव चढतो तो नेमका इथल्या वादळी हंगामात. बोटीचा हप्ता थकलेला असताना आणि खरेदीदाराने चांगल्या मालाला चांगला दर सांगितलेला असताना, वाऱ्याचा अंदाज काठावरचा असला तर माणूस काय ठरवेल, हे कोकणात आषाढाच्या तोंडावर होड्या लोटणाऱ्या माणसांना वेगळे सांगायला नको. अर्चिन डायव्हर कुणाचा नोकर नसतो. तो आपल्या परवान्यावर, आपल्या जबाबदारीवर काम करतो. त्यामुळे ‘आज जाऊ नकोस’ असे अधिकाराने सांगणारा कुणी त्याच्यावर नसतो.

सर्वांत मोठा धोका मात्र वर येतानाचा आहे. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर माणूस पृष्ठभागाच्या तिप्पट दाबाची हवा घेतो, आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. जितके खोल आणि जितका अधिक वेळ, तितका अधिक नायट्रोजन. हळूहळू, टप्प्याटप्प्याने वर आले तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो; घाईने आले तर शरीरातच त्याचे बुडबुडे होतात. सांध्यांत झाले तर असह्य वेदना होतात, पाठीच्या कण्यात झाले तर कमरेखालचे शरीर लुळे पडते. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसातील हवा प्रसरण पावून थेट रक्तवाहिन्यांत शिरू शकते, आणि त्यासाठी फार खोलीही लागत नाही. किती खोलीवर किती वेळ राहायचे आणि वर येताना किती थांबायचे याचे कोष्टक प्रत्येक डायव्हरला ठाऊक असते. पण पाठीवर टाकी घेऊन उतरणाऱ्याला टाकी संपली की वर यावेच लागते. हुकावाल्याला तसा कोणताही बाह्य लगाम नाही. दिवसाला पाच-सहा तास, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर, खोल-उथळ-खोल अशा अनेक फेऱ्या होतात, आणि शेवटच्या अर्ध्या पिशवीसाठी कोष्टकाकडे डोळेझाक होते.

माझ्या आजोळी ओहोटीला खडकांवरची कालवं काढणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. तेही काम कष्टाचे आणि हात कापणारे, पण भरतीचे पाणी घोट्याला लागले की त्यांना उठावेच लागे. थांबण्याची वेळ समुद्रच ठरवत असे. अर्चिन डायव्हरला ती वेळ स्वतः ठरवावी लागते, तीही थंडीने आणि नायट्रोजनने विचारशक्ती मंदावलेली असताना.

बुडबुड्यांचा त्रास झालेल्या माणसाला दाबकक्षात ठेवून पुन्हा दाबाखाली घ्यावे लागते आणि मग सावकाश मोकळे करावे लागते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने चालवलेला असा एक कक्ष कॅटालिना बेटावर आहे, आणि त्याने अनेकांना वाचवले आहे. परंतु सान मिगेलच्या पश्चिम टोकावरून, खवळलेल्या समुद्रात, हेलिकॉप्टर येईपर्यंत किती वेळ जातो याचा विचार केला तर त्या कक्षाचा आधार किती पुरणार हे उघड आहे. एकदम न दिसणारी हानीही असते. वर्षानुवर्षे दाबाखाली काम केल्याने खांद्याच्या आणि खुब्याच्या हाडांचे काही भाग रक्तपुरवठ्याअभावी मरतात. त्या माणसाला पन्नाशीत चालताना पाहिले तर तो आयुष्यभर पाण्यात वजनरहित तरंगत होता यावर विश्वास बसणार नाही.

बाकीचे धोके त्या मानाने साधे, पण म्हणून कमी जीवघेणे नाहीत. वारा फिरला आणि इंजिनाचा धूर कंप्रेसरच्या तोंडात शिरला तर नळीतून कार्बन मोनॉक्साइड खाली जातो, ज्याला ना वास ना चव. डायव्हरला गुंगी येते आणि ती गुंगी आहे हेही त्याला कळत नाही. कंप्रेसर बंद पडला तर साठवणीच्या टाकीत मोजके श्वास शिल्लक असतात. नळी केल्पमध्ये गुंतते, बोटीच्या पंख्यात जाण्याची भीती असते, म्हणून कमरेला सुरा आणि बरेच जण सोबत एक लहान राखीव बाटली ठेवतात. आणि काटे तर रोजचेच. चुन्यासारख्या ठिसूळ पदार्थाचा हा काटा हातमोज्यातून शिरतो आणि आतच मोडतो. मांसल भागात मोडला तर कालांतराने विरतो किंवा कुरूप होऊन राहतो. बोटाच्या पेऱ्यात शिरला तर सांधा सुजून महिनोन्‌महिने वाकत नाही. व्हिनेगरमध्ये हात बुडवून बसणे हा बंदरावरचा सर्वमान्य उपाय आहे.

शार्कविषयी आता सांगतो. सान मिगेलच्या किनाऱ्यावर सील आणि समुद्रसिंहांच्या प्रचंड वसाहती आहेत, आणि त्यांच्या मागावर मोठे पांढरे शार्क येतात. डिसेंबर १९९४ मध्ये याच बेटाजवळ एका अर्चिन डायव्हरचा शार्कच्या हल्ल्यात मृत्यू झाला. धोका खरा आहे. डायव्हर मंडळींचा अनुभव असा की तळाशी खडकांना चिकटून असताना भीती कमी आणि पृष्ठभागावर किंवा वर येताना अधिक, म्हणून ते मधल्या पाण्यात रेंगाळणे टाळतात. इथे एक विचित्र पेच तयार होतो: नायट्रोजन म्हणतो सावकाश वर ये, टप्प्यावर थांब, शार्कची भीती म्हणते, झटपट बोटीवर जा. ज्या डायव्हरशी मी बोललो त्याने यावर खांदे उडवले आणि गेल्या हंगामातल्या दराविषयी तक्रार सुरू केली.

हे बोलणे झाले ते सांता बार्बराच्या बंदरावर, जिथे शनिवारी सकाळी मच्छीमार स्वतःच माल विकतात. जिवंत, काटे हलवणारा अर्चिन तिथल्या तिथे फोडून मिळतो. गाबोळी खाऊन वाढलेल्या माणसाला उनीची धास्ती वाटायचे कारण नाही; गाबोळीपेक्षा ती कितीतरी मऊ, गोडसर आणि किंचित लोखंडी चवीची लागते. मला आवडली. माझ्या घरच्यांना नाही.

कॅलिफोर्नियाबाहेरची कथा फार निराळी नाही. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला मेन राज्यात हिरव्या अर्चिनची अशीच लाट आली. तिथला हंगाम हिवाळ्याचा, पाणी गोठण्याच्या जवळ. १९९३च्या सुमारास उत्पादन ४ कोटी पौंडांच्या पुढे गेले, डायव्हिंगचे पुरेसे प्रशिक्षण नसलेली तरुण मुले पैशाच्या ओढीने पाण्यात उतरली, त्यांतली काही परत आली नाहीत, आणि नंतर अर्चिनच संपत आले. चिलीच्या दक्षिणेकडील खाड्यांत जगातला सर्वांत मोठा अर्चिन व्यवसाय चालतो. तिथले डायव्हर निर्जन बेटांच्या आडोशाला आठवडेच्या आठवडे राहतात, माल नेणारी बोट त्यांच्याकडे येते, आणि दाबकक्ष मात्र फार दूर असतो. लुळे पडलेले डायव्हर तिथल्या बंदरांना अपरिचित नाहीत.

उत्तर कॅलिफोर्नियात मात्र गेल्या दशकात जे घडले ते कुणाच्याही हिशेबात नव्हते. २०१३ पासून तारामाशांना एका रोगाने ग्रासले आणि त्यात सूर्यफुली तारामासा, जो मीटरभर रुंद होतो आणि अर्चिन खातो, जवळजवळ नाहीसा झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात समुद्राचे पाणी असाधारण तापले. जांभळ्या रंगाचे लहान अर्चिन बेसुमार वाढले, त्यांनी केल्पचा फडशा पाडला, आणि सोनोमा-मेंडोसिनोच्या किनाऱ्यावरचे ९० टक्क्यांहून अधिक केल्प नष्ट झाले. ॲबलोनी उपाशी मेले. हौशी लोकांना ते काढण्याची मुभा २०१८ पासून बंद आहे. लाल अर्चिन जिवंत राहिले पण आतून रिकामे झाले, कारण अर्चिन उपाशीपोटी वर्षानुवर्षे तग धरू शकतो. फोर्ट ब्रॅगच्या डायव्हरपुढे तळभर अर्चिन पसरलेले होते आणि त्यांत विकण्याजोगे काही नव्हते. २०१६ आणि २०१७च्या हंगामांसाठी केंद्र सरकारने या व्यवसायावरील आपत्ती जाहीर केली.

अर्चिन खाणारा दुसरा प्राणी म्हणजे सी ऑटर, म्हणजेच समुद्री पाणमांजर, आणि त्याच्याशी डायव्हरांचे जुने वैर आहे. फरसाठी झालेल्या शिकारीने हे प्राणी जवळजवळ संपले होते. १९११च्या करारानंतर त्यांना संरक्षण मिळाले. १९८७ मध्ये काही ऑटर सान निकोलस बेटावर सोडताना सरकारने उर्वरित दक्षिण किनारा ऑटरमुक्त ठेवण्याचे कबूल केले, ते पाळणे अशक्य ठरले, आणि २०१२ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. डायव्हरांची संघटना न्यायालयात गेली आणि हरली. माझी सहानुभूती इथे दुभंगते. केल्प असेल तरच भरलेला अर्चिन मिळेल आणि ऑटर केल्प राखतो, हे खरे. पण दिवसाला आपल्या वजनाच्या पाव हिस्सा खाणारा ऑटर जिथे स्थिरावतो तिथे विकण्याइतके मोठे अर्चिन उरत नाहीत, हेही तितकेच खरे. डायव्हरला केल्प हवे आहे, पण ते राखणारा नको आहे, आणि आजवर ती जागा तो स्वतःच भरून काढत होता.

२०२० पासून मेंडोसिनोच्या नोयो आणि अल्बिअन उपसागरांत ही भूमिका त्याला अधिकृतपणे मिळाली. राज्याच्या निधीतून, रीफ चेक या संस्थेच्या देखरेखीखाली, काम नसलेल्या अर्चिन डायव्हरांना जांभळे अर्चिन वेचून काढण्याचे काम देण्यात आले. जागा बंदराजवळच्या आखून दिलेल्या होत्या. आत काय आहे हे फोडून पाहण्याची गरज नव्हती, कारण आत काहीच नव्हते. काही उद्योजकांनी हेच उपाशी अर्चिन टाक्यांत ठेवून, खाऊ घालून विकण्याजोगे करण्याचे प्रयोगही सुरू केले आहेत. साफ केलेल्या काही पट्ट्यांत केल्प परतल्याचे दिसले आहे. पण असा निधी हंगामापुरता असतो आणि परवान्याचे शुल्क, बोटीचा हप्ता, डिझेल हे बारमाही, म्हणून काम नसलेल्या दिवशी फोर्ट ब्रॅगचा डायव्हर पुन्हा जुन्या लाल अर्चिनच्या जागांवर जातो, दंताळ्याने दोन-चार फोडून पाहतो आणि ठरवतो की आणखी थोडे खोल जायचे की नाही.